डब्याच्या मागची दोन अक्षरं: फुल्ली सिंथेटिक ऑइल, आठ महिन्यांनंतर

ऑगस्टातला रविवार, पसरणी घाट, मागे बायको. तिसऱ्या गिअरला रेस दिली की इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी काही ओढत नव्हती. दुसरा टाकला तरी तेच. मागून आलेली एसटी पुढे निघून गेली. माझी १२५ सीसीची गाडी, रोज वाई-पाचगणी. पाच वर्षांत या घाटाला तिने कधी दम टाकला नव्हता.

मेस्त्री म्हणाला, "क्लच प्लेटी गेल्या, चौदाशे रुपये." मला पटेना. जूनपासून गाडीत एकच गोष्ट बदलली होती, ती म्हणजे ऑइल.

नेहमीच्या मिनरलपेक्षा, म्हणजे साध्या खनिज तेलाच्या ऑइलपेक्षा, अडीचशे रुपये जास्त देऊन मी हे फुल्ली सिंथेटिक घेतलं होतं. दोन डब्यांवर ऑफर होती म्हणून दोन घेतले. समोर ठळक 'टू-व्हीलर', 'फुल्ली सिंथेटिक' आणि '१० टक्क्यांपर्यंत जास्त मायलेज'. सुरुवातीला मी खूश होतो. टाकी फुल करून मोजलं तर ५४ चं अ‍ॅव्हरेज ५६ झालं. चार मित्रांना घ्यायलाही सांगितलं. त्यांची आज मनापासून माफी मागतो.

घरी येऊन डबा उलटा केला. मागे नखाएवढ्या चौकटीत जासोचा, म्हणजे वाहनांची मानकं ठरवणाऱ्या जपानी संस्थेचा, नोंदणी क्रमांक आणि खाली दोन अक्षरं: एमबी. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलंय एमए२. सगळा घोटाळा इथे आहे आणि तो समजायला मला तीन महिने लागले.

आपल्या मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. घर्षण कमी करायला जी द्रव्यं घालतात, त्यांनी मायलेज थोडं वाढतं, पण क्लचच्या प्लेटींना घर्षणच हवं असतं. एमए२ म्हणजे प्लेटी पकडून ठेवणारं, एमबी म्हणजे घसरू देणारं. स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलपासून वेगळा, तिथे एमबी चालतं. म्हणजे ऑइल खोटं नव्हतं, माझ्या गाडीचं नव्हतं. पण 'टू-व्हीलर' एवढं मोठं छापायला जागा आहे, तर 'फक्त स्कूटरसाठी' छापायला का नाही? माझा राग तेवढ्यावरच आहे. आणि क्लच घसरायला लागल्यावर अ‍ॅव्हरेज ४९ वर आलं, ते वेगळंच.

प्लेटी बदलल्या नाहीत. साधं एमए२ मिनरल टाकलं, ८०० किलोमीटरला तेही काढून परत नवीन. दुसऱ्या वेळी घसरणं पूर्ण थांबलं. चौदाशे वाचले.

तेव्हा मी ठरवलं होतं की सिंथेटिक म्हणजे निव्वळ लूट. त्या शब्दाची व्याख्याही सैल आहे. मोबिल या ऑइल कंपनीने अमेरिकेत कॅस्ट्रॉल या दुसऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली होती, की खनिज तेलावर जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणू नये. जाहिरातींतले दावे तपासणाऱ्या तिथल्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने १९९९ साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. त्यामुळे 'फुल्ली सिंथेटिक' वाचून आत नेमकं काय आहे ते कळत नाही.

पण हे मत मला बदलावं लागलं. नोव्हेंबरात भावाने एमए२ वालं सिंथेटिक आणून दिलं. मिनरलवर दोन हजार किलोमीटरनंतर गिअर अडकायचे, न्यूट्रल सापडायचा नाही. यावर तीन हजार झाले तरी पायाच्या अंगठ्याने न्यूट्रल पडतो. ऑइल काळं झालंय, पण काळं होणं म्हणजे खराब होणं नव्हे, आतली घाण ते धरून ठेवतंय. मिनरल मी अडीच हजारांना बदलायचो, हे चार हजारांना बदलणार, पुस्तकात आहे तेवढ्यालाच. हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. अ‍ॅव्हरेज मात्र ५४ चं ५४.

दुकानदार आता 10W ऐवजी 5W चा, म्हणजे थंडीत जास्त पातळ राहणाऱ्या ऑइलचा, आग्रह धरतोय. 10W ची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, 5W ची उणे ३० ला. आपल्याकडे वेण्णा लेकवर हिमकण दिसले तरी पेपरात फोटो येतो. त्या पाच अंशांसाठी मी एक रुपया जास्त देणार नाही.

ऑफरमधला दुसरा डबा सीलबंद पडून होता. बायकोच्या स्कूटरचं पुस्तक काढून पाहिलं: 10W-30, एमबी. जानेवारीत टाकला, गाडी मस्त पळतेय.