म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय: दुखणं सांध्याचं की नसेचं, आणि मग गोळी, इंजेक्शन की ऑपरेशन?

कुत्रं दहा-बारा वर्षांचं झालं आणि मागून डगमगायला लागलं की जो तो एकच सांगतो, वय झालंय, जॉइंटची गोळी सुरू करा. मी पण तेच केलं. आमची राणी जर्मन शेफर्ड, तिला चार महिने सांध्याच्या गोळ्या दिल्या आणि नंतर कळलं की तिचा त्रास सांध्याचा नव्हताच, मज्जारज्जूचा होता, आणि ते चार महिने खरं तर व्यायामाचे होते ते फुकट गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कुठली गोळी चांगली हे ठरवायच्या आधी दुखणं कुठलं आहे ते ठरवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सांध्याचा त्रास असलेलं कुत्रं झोपून उठताना अवघडतं, पहिली दहा-वीस पावलं कडक पडतात आणि मग जरा मोकळं होतं. जिना टाळतं, गाडीत उडी मारत नाही, मांडीला हात लावला की मान वळवून बघतं किंवा तो सांधा सारखा चाटत बसतं. एका पायावर कमी भार देत असेल तर बहुतेक दुखतंयच. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं अजिबात समजू नका, कुत्री महिनोन्महिने गप्प सहन करतात.

नसेचा किंवा मज्जारज्जूचा त्रास दिसायला वेगळा असतो. पाय नीट उचलला जात नाही, नखं जमिनीवर घासल्याचा खर्र खर्र आवाज येतो, मधल्या दोन बोटांची नखं पुढून झिजलेली दिसतात, मागचे पाय एकमेकांत अडकतात, वळताना ढुंगण एका बाजूला कलतं. घरी बघायचं असेल तर कुत्र्याला पोटाखाली हात देऊन उभं धरा आणि मागचा एक पंजा हळूच उलटा ठेवा, वरची बाजू जमिनीला लागेल असा. निरोगी कुत्रं तो लगेच सरळ करतं, वेळ लागला किंवा तसाच राहिला तर नसेकडे बघायला हवं. (पाठ दुखतेय असं वाटलं तर हे घरी करू नका, डॉक्टरांवर सोडा.) आणि घरात चालतानाचा व्हिडिओ काढून न्या, मागून आणि बाजूने, कारण दवाखान्यात घाबरून बरीच कुत्री न लंगडता चालून दाखवतात.

दोन्ही एकदम असू शकतं हा खरा घोळ आहे. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे काढला तर झीज दिसणारच, पण ती दिसली म्हणजे तेच कारण असं नाही. राणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं, खुबा खराब दिसला आणि तपास तिथेच थांबला, नखांकडे कोणी बघितलंच नाही, मी सुद्धा नाही.

आता एक्स-रे की एमआरआय? एक्स-रेमध्ये हाड, खुबा, गुडघ्यातली सूज, हाडाचा ट्यूमर कळतो. मज्जारज्जू आणि मणक्यांमधली मऊ गादी म्हणजे डिस्क त्यात दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. माझं मत असं की पंजा सरळ करता येतोय आणि दुखणं सांध्यात सापडतंय तर एक्स-रेवर थांबायला हरकत नाही. पंजा उलटा पडतोय तर मात्र स्वतःला एक प्रश्न विचारा, डिस्क दाबतेय असं निघालं तर ऑपरेशन करणार आहात का? हो असेल तर एमआरआय कराच. नाही असेल तर नसांची नीट तपासणी आणि व्यायाम यावर भर द्या. डीजनरेटिव्ह मायलोपॅथीसाठी, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजत जाणाऱ्या रोगासाठी, एसओडी-१ या जीनची टेस्ट असते, पण त्या जीनच्या दोन्ही प्रती खराब निघाल्या तरी त्याचा अर्थ धोका आहे एवढाच, रोग आहे असा नाही. पक्कं निदान मृत्यूनंतर मज्जारज्जू तपासूनच होतं, त्यामुळे जिवंतपणी बाकीची कारणं बाजूला काढत तिथे पोचावं लागतं.

उपायांकडे येऊ. सांध्यासाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅमसारखी कुत्र्यांची सूज कमी करणारी औषधं हा अजूनही पाया आहे, लवकर फरक दिसतो. पण सुरू करण्याआधी आणि नंतर अधूनमधून किडनी-लिव्हरची रक्ततपासणी हवी, आणि स्टेरॉइडबरोबर कधीच नाही. उलटी, काळी शी, जेवण बंद, यातलं काही झालं तर गोळी थांबवून फोन करा. माणसांची आयब्युप्रोफेन तर अजिबात देऊ नका. महिन्यातून एकदा घ्यायचं, सांध्याची वेदना कमी करणारं बेडिनवेटमॅबचं इंजेक्शन (लिब्रेला) किडनीचा प्रश्न असलेल्या कुत्र्यांसाठी सोयीचं वाटतं, पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्याबद्दल डॉक्टरांना पत्र काढलं, नोंदवलेल्या दुष्परिणामांत तोल जाणं आणि फिट येणं हेही होतं. म्हणून आधीच डगमगणाऱ्या, नसेचा संशय असलेल्या कुत्र्याला मी ते पहिलं देणार नाही, उद्या जास्त डगमगलं तर रोग वाढला की औषधाने झालं हेच कळणार नाही. गॅबापेंटिनचंही थोडं तसंच, नसेच्या वेदनेला देतात पण सुस्ती आणि झोकांड्या येतात, आणि माणसांच्या पातळ औषधात झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असू शकतो, जो कुत्र्यांना विष आहे.

ग्लुकोसामाइनवर लोक भरपूर पैसे घालतात, पुरावा मात्र कमकुवत आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा पुरावा त्यापेक्षा बरा. आणि या सगळ्यांपेक्षा वजन! २००२ साली आलेल्या ४८ लॅब्राडॉरच्या अभ्यासात २५ टक्के कमी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये सांध्यांची झीज उशिरा आली आणि ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली. बरगड्या हाताला सहज लागत नसतील तर गोळीच्या आधी वाटी कमी करा, खरंच.

गुडघ्याचा लिगामेंट तुटला असेल तर मोठ्या कुत्र्याला टीपीएलओसारखं (नडगीचं हाड कापून त्याचा कोन बदलण्याचं) ऑपरेशन बहुतेक वेळा चांगलं, फक्त नंतरचे दोन-तीन महिने फिरणं अगदी मोजून, उड्या बंद, हे जमणार असेल तरच ठरवा. छोटी कुत्री पुष्कळदा आराम आणि वजन कमी करून सावरतात.

मायलोपॅथीला औषध नाही. पण २००६ च्या एका छोट्या अभ्यासात (२२ कुत्री होती) रोज भरपूर फिजिओथेरपी मिळालेली सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३० आणि अजिबात न मिळालेली ५५. कुत्री कमी आहेत त्यामुळे आकडे धरून बसू नका, तरी मी राणीचं चालणं दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं असं केलं आणि पाण्यातली ट्रेडमिल पण, आणि ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त चालली.

एका बाबतीत मात्र अजिबात थांबू नका: मागचे पाय अचानक गेले, पाठीत प्रचंड दुखतंय, लघवी होत नाहीये किंवा पंजे थंड पडलेत, तर त्याच तासाला दवाखाना. पंजाला जोरात चिमटा घेतल्यावरही वेदना कळत नसेल तर ऑपरेशन करूनही पुन्हा चालण्याची शक्यता बरीच कमी होते.

पट्टा की चाकाची गाडी? उठवायला आणि पायऱ्यांवर मागच्या भागाखालचा पट्टा पुरतो, पण तुमची कंबर सांभाळा. गाडी पुढचे पाय मजबूत असतानाच आणा, नंतर आणली तर ओढायला ताकद राहत नाही. बहुतेक गाड्यांत कुत्र्याला आडवं होता येत नाही, म्हणून फिरून आलं की लगेच काढायची आणि पट्ट्याखाली मांडीची कातडी सोललीय का ते रोज बघायचं.