पंचवीस वर्षं चालणाऱ्या यंत्रासाठी कुठलं लिनक्स: डेबियन, उबुंटू, रेड हॅट की योक्टो?

साखर कारखान्याचा वजनकाटा, नळपाणी योजनेचं पंप-पॅनेल, बाटल्या भरणारं यंत्र. यांचं लोखंड वीस-पंचवीस वर्षं सहज काढतं. आतल्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना मात्र चर्चा बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी थांबते: सपोर्ट, म्हणजे दुरुस्त्या पुरवण्याची मुदत, किती वर्षांचा? आज बसवलेलं यंत्र २०५० च्या सुमारास भंगारात जाणार असेल, तर या चारांपैकी कुणाचाही सपोर्ट एका दमात तिथवर पोहोचत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा. एवढ्या काळात किती वेळा अपग्रेड करावं लागेल? त्यातलं प्रत्येक किती जड जाईल? आणि पुरवठादाराने धोरण बदललं तर तीच प्रणाली तुम्ही स्वतः पुन्हा उभी करू शकाल का? आमच्या मते तिसऱ्या प्रश्नाचं वजन पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त आहे.

डेबियन

नवी आवृत्ती साधारण दर दोन वर्षांनी येते. पहिली तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांबवलेला सपोर्ट), अशी एकूण पाच. फ्रेक्झियन ही कंपनी पैसे घेऊन हीच मुदत दहा वर्षांपर्यंत नेते. मध्ये एक आवृत्ती सोडून पुढची घ्यायची असं ठरवलं, तर २५ वर्षांत सहा अपग्रेड होतात. पण चालू प्रणालीवर अपग्रेड करताना मधली आवृत्ती गाळता येत नाही. १२ वरून १४ वर जायचं तर वाटेत १३ करावंच लागतं.

साइटवरच्या यंत्रावर हा खटाटोप करूच नका. कारखान्यात नव्या आवृत्तीची पूर्ण इमेज (डिस्कवर जशीच्या तशी उतरवायची अख्खी प्रणाली) बनवा आणि डिस्कवर सारख्या आकाराचे दोन विभाग ठेवा. यंत्र एका विभागावर चालू असताना नवी इमेज दुसऱ्यावर उतरते, आणि बूट फसलं तर यंत्र आपोआप जुन्यावर परत येतं. यासाठी राउक आणि एसडब्ल्यूअपडेट ही दोन्ही साधनं चांगली रुळलेली आहेत. बोर्ड घेतानाच ईएमएमसीची, म्हणजे बोर्डवरच्या साठवण चिपची, जागा दुप्पट धरा. ४ जीबीवर हे दोन विभाग, लॉग आणि डेटा बसवताना पुढे ओढाताण होते.

डेबियनची खरी ताकद त्याच्या जुन्या पॅकेजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यांच्या, साठ्यात आहे. स्नॅपशॉट सेवेवर २००५ पासूनची पॅकेजं तारखेनुसार मिळतात, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी बनवलेली इमेज त्याच पॅकेजांतून पुन्हा बांधता येते. एक खाच लक्षात ठेवा. सुरक्षा रेपॉझिटरीच्या (दुरुस्त पॅकेजांच्या साठ्याच्या) रिलीज फाइलवर वैधतेची मुदत असते. जुन्या तारखेवरून पॅकेजं आणताना ॲप्ट या पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला ती तपासणी बंद करायला सांगावं लागतं, नाहीतर ते काही उतरवायलाच तयार होत नाही.

एआरएम प्रोसेसरचा ३२ बिट बोर्ड असेल तर १३ वी आवृत्ती, म्हणजे ऑगस्ट २०२५ ची ट्रिक्सी, महत्त्वाची आहे. यात वेळ मोजणारा आकडा ६४ बिटांचा झाला आणि २०३८ चा अडसर (३२ बिटांचा आकडा त्या वर्षी भरतो आणि तारीख मागे उडी मारते) मूळ प्रणालीपुरता दूर झाला. पण त्याचमुळे कार्ड किंवा प्रिंटर बनवणाऱ्याने कधीकाळी दिलेली बंद लायब्ररी, जिचा सोर्स तुमच्याकडे नाही, ती नव्या प्रणालीशी जुळेनाशी होऊ शकते. अशी एखादी फाइल तुमच्या यंत्रात आहे का, हे आजच शोधा.

कर्नेलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्मकडे पाहा. हा लिनक्स फाउंडेशनचा २०१६ चा प्रकल्प असून सीमेन्स, हिताची, तोशिबा, रेनेसास यांच्यासारख्या कंपन्या त्यात आहेत. निवडक कर्नेल किमान दहा वर्षं दुरुस्त ठेवायचे, हे त्यांचं काम. ४.४, ४.१९, ५.१० आणि ६.१ हे त्यातले. दोन-तीन प्रोग्रॅमर असलेल्या यंत्रनिर्मात्याने खाली हा कर्नेल आणि वर डेबियन घ्यावं, असं आम्ही ठामपणे सुचवू.

योक्टो

योक्टो ही तयार प्रणाली नाही. स्वतःची प्रणाली सोर्सपासून बांधण्याचा तो कारखाना आहे. एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि चार वर्षं सांभाळली जाते: २०२० ची डनफेल, २०२२ ची कर्कस्टोन, २०२४ ची स्कार्थगॅप. इमेज लहान होते, आत काय आहे ते पॅकेजगणिक कळतं, आणि ग्राहकाने घटकांची यादी मागितली तर ती बांधणीतूनच निघते. स्वतःचा खास बोर्ड असेल तर याला तोड नाही.

मग बिघडतं कुठे? पहिली जागा म्हणजे चिप कंपनीचा बीएसपी लेयर, म्हणजे तिची चिप चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. तो बऱ्याचदा कंपनीने स्वतः बदललेल्या जुन्या कर्नेलला बांधलेला असतो आणि चिपची विक्री मंदावली की लेयरकडे कोणी फिरकत नाही. बोर्ड निवडण्यापूर्वी मूळ कर्नेल त्यावर चालवून पाहा. इथरनेट, सिरियल, डिस्प्ले आणि वॉचडॉग (यंत्र अडकलं तर ते पुन्हा सुरू करणारा टायमर) कंपनीच्या पॅचशिवाय चालले पाहिजेत. न चालले तर बोर्ड बदला.

दुसरी जागा सोर्सच्या पत्त्यांची. प्रत्येक रेसिपीत (एक घटक कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलीत) सोर्स कुठून आणायचा तो पत्ता असतो, आणि पत्ते मरतात. गिटहबने मार्च २०२२ मध्ये जुना, कूटबद्ध नसलेला गिट प्रोटोकॉल कायमचा बंद केला. कालपर्यंत बिनतक्रार चालणाऱ्या कितीतरी रेसिपी त्या दिवसापासून सोर्स आणू शकल्या नाहीत. ज्यांच्याकडे स्वतःचा सोर्स मिरर, म्हणजे सोर्सची जवळची प्रत, होती त्यांना काही जाणवलंही नाही. मिररचा खर्च एका डिस्कचा आहे, तेव्हा तो पहिल्या बांधणीपासूनच ठेवा. तिसरी जागा बांधणाऱ्या संगणकाची: जुनं योक्टो नव्या लिनक्सवर बांधताना अडखळतं, म्हणून बांधणीचा कंटेनरही (बांधणीला लागणारं सगळं बंदिस्त वातावरण) सोर्सबरोबर जपून ठेवावा लागतो.

एवढं सगळं पाहायला एक माणूस पूर्णवेळ लागतो, आणि तो गेला तर हाताशी दुसरा तयार लागतो. तेवढी माणसं नसतील तर योक्टोच्या वाटेला जाऊ नका.

उबुंटू एलटीएस

सपोर्टच्या आकड्यात उबुंटू सगळ्यांच्या पुढे आहे. साधारण पाच वर्षं, प्रो ही वर्गणी घेतली तर दहा, आणि त्यावर आणखी पैसे भरले तर पंधरा. ही शेवटची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये वाढवली गेली. २४.०४ घेतलं तर २०३९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या.

प्रो न घेता युनिव्हर्स या समुदायाने सांभाळलेल्या विभागातल्या पॅकेजांना सुरक्षा दुरुस्तीची हमी नसते, आणि तुमच्या इमेजमधली बरीच पॅकेजं तिथलीच असण्याची शक्यता आहे. यादी काढून बघा. प्रो वैयक्तिक वापराला पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे. विकलेल्या यंत्रांचा खर्च दर यंत्रागणिक धरा आणि तो देखभाल करारात आधीच लिहा.

पंधरा वर्षांबद्दल आम्हाला वेगळीच काळजी वाटते. एलटीएसवरून एलटीएसवर एकेक पायरीच चढता येते. पंधरा वर्षं हात न लावलेली प्रणाली हलवायची वेळ येते तेव्हा सात-एक आवृत्त्या साचलेल्या असतात, पायथॉन बदललेला असतो, ग्राफिक्सची पद्धत बदललेली असते, आणि ज्याने मूळ कोड लिहिला तो कंपनीत नसतो. मग ते अपग्रेड राहत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं. लांब सपोर्ट घ्या, पण दर चार वर्षांनी टेबलावरच्या एका यंत्रावर नव्या एलटीएसची इमेज चालवत राहा.

रेड हॅट आणि त्याचे भाऊ

मुख्य आवृत्ती दहा वर्षं, त्यापुढे सशुल्क. कारखान्यातल्या सर्व्हरसाठी उत्तम. पॅनेल पीसीसाठी घेताना प्रोसेसर बघा: आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) १० ला एक्स८६-६४-व्ही३, म्हणजे एव्हीएक्स२ हा नवा सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो. पॅनेल पीसीत पूर्वी सर्रास बसवलेल्या सेलेरॉन जे१९०० वर ९ चालेल, १० चालणार नाही. रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्स १० ने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे.

रेड हॅटशी जुळणाऱ्या, फुकट सेंटओएस ८ चा धडा विसरू नका. २०२९ पर्यंत चालणार म्हणून लोकांनी ते बसवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. सपोर्टची तारीख करारात लिहिलेली नसेल तर तिच्या भरवशावर यंत्राचं आयुष्य आखू नका.

विंडोजशिवाय न चालणारं एखादं कार्ड असेल तरच विंडोज ११ आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२४ घ्या. मुदत ऑक्टोबर २०३४ पर्यंत आहे.

कुठलंही घेतलं तरी

युरोपात यंत्रं पाठवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या कंपन्यांना आता हा विषय टाळता येणार नाही. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतो. साधारण किमान पाच वर्षं, आणि उत्पादन त्याहून जास्त वापरात राहणार असेल तर तेवढी वर्षं, त्यातल्या सुरक्षा त्रुटी निर्मात्याने सांभाळायच्या आहेत.

डेटा साध्या, माहितीतल्या रूपात ठेवा. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या कर्त्यांनी २०५० पर्यंत सांभाळ करण्याचा इरादा जाहीर केला आहे आणि २००४ पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीच्या फाइली आजही उघडतात. मराठी नावं युनिकोडमध्येच साठवा. आधीच्या पिढीतल्या कितीतरी नोंदी विशिष्ट फाँटच्या कोडमध्ये अडकल्या. फाँट नसेल तर त्या नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतात.

सर्टिफिकेटचं, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याच्या डिजिटल दाखल्याचं, दुखणं वेगळं असतं. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची तपासली जातात ते) संपलं आणि ज्यांची विश्वासू रूटची यादी कधीच अपडेट झाली नव्हती अशी उपकरणं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेट वापरणाऱ्या साइटशी बोलेनाशी झाली. यंत्र आणि तुमचा सर्व्हर यांच्यासाठी स्वतःचं रूट ठेवा आणि ते बदलण्याची सोय पहिल्या इमेजपासून द्या. घड्याळाचा सीआर२०३२ सेलही याच साखळीत येतो. सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, यंत्राला सर्टिफिकेट ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं, आणि ऑपरेटर नेटवर्कवाल्याला फोन लावतो. सेल वर्षाच्या देखभालीच्या यादीत घाला. शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर लिहीत राहा, म्हणजे बूट होताना घड्याळ त्याच्या मागे जाणार नाही.

वर्षातून एकदा कोरा संगणक घ्या, इंटरनेट तोडा आणि फक्त तुमच्या साठ्यातून विकलेल्या यंत्राची इमेज बांधून दाखवायला सांगा, तीही मूळ बांधणाऱ्याच्या मदतीशिवाय. पहिल्या वेळी ती बहुधा होत नाही. इमेजवर सही करण्याची किल्ली कोणाच्या तरी लॅपटॉपवर असते, किंवा पायथॉनचं एखादं पॅकेज थेट नेटवरून येत असतं. जे सापडेल ते साठ्यात टाका आणि पुन्हा बांधा.

तीच इमेज टेबलावरच्या यंत्रावर चढवा आणि घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४० मिनिटांवर लावा. भारतीय वेळेनुसार ८:४४:०७ हा ३२ बिटांत मावणारा शेवटचा सेकंद. यंत्र रात्रभर चालू द्या आणि सकाळी नोंदी पाहा. कुठे १३ डिसेंबर १९०१ (भारतीय वेळेनुसार १४ डिसेंबर) ही तारीख उमटली असेल, तर आधी तुमच्याच प्रोग्रॅमचं फाइलचं स्वरूप तपासा. मूळ प्रणाली ६४ बिटांची असली, तरी वेळ चार बाइटमध्ये लिहिणारी एखादी जुनी ओळ तिथे हमखास असते.