बेडफर्ड टीके: ब्रिटिश ब्रुअरीच्या जुन्या लॉरीची पारख

ब्रिटनमधल्या जुन्या लॉऱ्यांच्या मेळाव्यात ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, लॉरी लांबूनच ओळखू येते. गडद रंग, हाताने काढलेली सोनेरी अक्षरं, हौद्याभोवती खांब आणि साखळ्या. लोक फोटो काढतात ते या रंगाचे. पण तिथे ड्रे म्हणतात ती ही लॉरी कामाला कशी होती हे कळायला टेप घ्यावी आणि जमिनीपासून हौद्यापर्यंतची उंची मोजावी. दिवसभर भरलेली पिंपं उतरवणाऱ्या ड्रेमनची पाठ या उंचीवर अवलंबून असे. हौदा गुडघ्याच्या थोडा वर असेल तर ती ड्रे. छातीपर्यंत असेल तर ती साधी मालवाहू लॉरी, तिला ब्रुअरीचा रंग दिलाय इतकंच. या कसोटीवर मोटारीच्या जमान्यातल्या लॉऱ्यांत, कमी उंचीचा हौदा बांधलेली, बेडफर्ड या ब्रिटिश छापाची टीके लॉरी मला सगळ्यांत उजवी वाटते. तिच्यात दोष आहेत, तेही पुढे येतील.

आधी वजनाचा हिशोब. ब्रिटिश पिंपांची मापं ठरलेली आहेत: पिन 4.5 गॅलन, फर्किन 9, किल्डरकिन 18, बॅरल 36 आणि हॉग्सहेड 54 गॅलन. इंपीरियल गॅलन म्हणजे 4.55 लिटर. म्हणजे किल्डरकिनमध्ये जवळपास 82 लिटर बिअर, आणि धातूच्या पिंपाचं वजन धरून एक नग साधारण 100 किलोचा. लाकडी बॅरल भरलेलं असेल तर 200 किलोच्या वर. एकूण 7.5 टन वजनाच्या टीकेवर गाडी, हौदा आणि माणसं वजा जाता चार टनांच्या आसपास माल बसतो, म्हणजे चाळीसेक किल्डरकिन. त्यातलं प्रत्येक पिंप माणसाच्या हातानं खाली उतरायचं.

उंचीची एक गोष्ट कागदावरच्या मापात दिसत नाही. सकाळी गाडी भरलेली असते तेव्हा चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात, हौदा खाली असतो. एकेका पबला माल उतरत जातो तसे पाटे उचलतात आणि हौदा वर चढत जातो. परत येणारी रिकामी पिंपं हलकी, त्यामुळे ते वजन काही भरून निघत नाही. दुपारी, माणसं दमलेली असताना, पिंप पडण्याचं अंतर सकाळपेक्षा जास्त. म्हणून जाणता ड्रायव्हर मोठी पिंपं घेणारे पब शक्यतो आधी घ्यायचा आणि बाटल्यांच्या क्रेट दिवसाच्या शेवटाकडे ढकलायचा. आज कुणी गाडी विकायला काढून हौद्याची उंची सांगत असेल तर ती रिकाम्या गाडीची की भरलेल्या, हे जरूर विचारावं.

आता टीकेच्या केबिनबद्दल. बेडफर्डनं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी न ठेवता सीटच्या मागे, खाली बसवलं. त्यामुळे पुढे तीन माणसं सरळ बसतात, मध्ये इंजिनाचा उंचवटा नाही. रहदारीच्या बाजूला न उतरता सीटवरून सरकून फुटपाथच्या बाजूनं उतरता येतं. दिवसातून पुन्हा पुन्हा चढ-उतार करणाऱ्याला याची किंमत कळते. इंजिनाकडे जायला दरवाज्यांच्या मागे दोन्ही बाजूंना झाकणं आहेत. तेल बघणं, पट्टा बदलणं, डिझेलचा फिल्टर काढणं ही कामं उभ्याउभ्या होतात. इंजिनाचा वरचा भाग उघडायचा म्हटलं की मात्र जागा अडचणीची होते. इथे 1965 मध्ये आलेली फोर्ड डी सरस, कारण तिची केबिन पुढे कलते आणि सगळं इंजिन मोकळं होतं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनं टीकेत मिळत. थांबत-थांबत चालणाऱ्या ड्रेसाठी डिझेलच शहाणपणाचं. आज घेणाऱ्यालाही तेच बरं: जुन्या पेट्रोल इंजिनांना लागणारं शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये 2000 पासून बंद आहे, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं.

याआधीच्या वाफेच्या गाड्यांना, म्हणजे श्रूजबरीच्या सेंटिनल आणि सँडबॅचच्या फोडेनना, ब्रुअरीवाले सहज सोडायला तयार नव्हते, आणि ते समजण्यासारखं आहे. कोळसा, पाणी आणि बॉयलर जाणणारी माणसं कारखान्यात आधीच होती. ताकद भरपूर, गिअर बदलायची कटकट कमी. पण पहाटे उठून आग पेटवायची, वाटेत पाणी घ्यायचं, आणि गाडीचं स्वतःचंच वजन प्रचंड. 1933 मध्ये रिकाम्या वजनावरचा कर वाढला आणि वाफेच्या लॉरीचं गणित बसेनासं झालं. घोड्यांचं मात्र जवळच्या पबांपुरतं जमत राहिलं. लंडनच्या वाँड्सवर्थमधल्या यंग्जच्या ब्रुअरीत शायर जातीचे अवजड घोडे तर कितीतरी पुढेपर्यंत होते. ती ब्रुअरी 2006 मध्ये बंद झाली.

ही लॉरी एकट्या ड्रायव्हरची कधीच नव्हती. ड्रायव्हर आणि जोडीदार मिळून ते एक यंत्र होतं, मोठ्या गाडीवर तिसरा माणूसही असे. पबसमोर गाडी लागली की पहिलं काम फुटपाथवरच्या तळघराच्या झडपा उघडून बाजूला अडसर उभा करणं. झडप उघडी आणि जवळ माणूस नाही, असं एक क्षणही चालत नसे. मग जमिनीवर गादी टाकायची. ही गादी म्हणजे जाड गोणपाटाची, ठासून भरलेली पिशवी. वरचा माणूस पिंप कडेला आणून त्याच्या काठावर तोलतो, फिरवतो आणि सोडतो. गादी दणका खाते आणि पिंप उसळी घेतं. त्याच उसळीत खालचा माणूस ते वळवून चालतं करतो. थांबलेलं 100 किलोचं पिंप हलवायला जोर लागतो; चालतं पिंप फक्त दिशा मागतं. हातमोजे जाड चामड्याचे, वर कातडी एप्रन.

पिंप सोडताना त्याच्या पोटावरचं बूच, ज्याला शाइव्ह म्हणतात, ते खाली येता कामा नये. बिअर आतल्या आत अजून आंबत असते, दाब असतो, आणि बूच सुटलं तर सगळा माल फवाऱ्यासारखा रस्त्यावर. लाकडी पिंपाच्या बाबतीत आणखी एक काळजी: ते कडेच्या फळ्यांच्या टोकांवर आपटलं की तिथे चीर जाते आणि गळती लागते. ती चीर त्या दिवशी दिसतही नाही.

तळघरात उतरवायला दोन दांड्यांची घसरशिडी लावतात, वर आकड्यांनी अडकवलेली. दोराचं एक टोक वरच्या कडीला बांधायचं, दोर पिंपाखालून घेऊन दुसरं टोक हातात धरायचं. पिंप दोराच्या वेढ्यात गरगरत खाली जातं आणि हातावर निम्माच भार येतो. 45 अंशांच्या उतारावर 100 किलोचं किल्डरकिन सुमारे 70 किलोच्या जोरानं खाली ओढतं. दोराच्या या रचनेत हाताला 35 किलोच लागतात, घर्षण त्यातलंही थोडं खातं. म्हणून एक सशक्त माणूस ते आरामात सोडतो. खाली दुसरी गादी आणि बाजूला उभा जोडीदार. बाजूला म्हणजे बाजूलाच. शिडीच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही.

बिघडतं ते बहुतेक इथेच. दोर ओला राहून आतून कुजतो, वरून धड दिसतो आणि ऐन वेळी तुटतो. तो पिळून, धागे उलगडून आत बघावं लागतं. शिडीचा आकडा फरशीच्या झिजलेल्या काठावरून निसटतो. बोटं पिंप आणि दांडी यांच्यात सापडतात, तेही बहुधा पिंप थांबवायला गेल्यावर. सुटलेलं पिंप अडवायचं नसतं, वाट द्यायची असते. जुने ड्रेमन नव्या पोराला पहिल्यांदा हेच शिकवत.

उतरवलं म्हणजे संपलं नाही. पिंप लाकडी घोडीवर आडवं ठेवून दोन्हीकडून पाचरी मारायच्या, बूच वर, आणि पुढच्या झाकणातलं नळ ठोकायचं भोक खाली. वाटेत ढवळलेला गाळ बसायला निदान एक दिवस लागतो. पाचर नीट बसली नाही तर पिंप नंतर हलतं, गाळ पुन्हा उठतो, आणि पबवाला ब्रुअरीला दोष देतो. चांगली ड्रे सेवा इथे ओळखू यायची. मग रिकामी पिंपं वर काढायची, भोकांना बुचं मारून. बुचं न मारता चढवली तर उरलेली आंबट बिअर हौद्यावर सांडते आणि फळ्यांखालचे आडवे वासे कुजतात. आज विकायला निघालेल्या बऱ्याच ड्रेंचा हौदा वरून ठणठणीत आणि खालून भुसा का, याचं हेही एक कारण.

ड्रायव्हरकडे मालाची यादी, सही, रिकाम्यांची मोजणी आणि परत आलेल्या खराब बिअरचा हिशोब असे. पण त्याचं खरं भांडवल डोक्यात. कुठल्या पबची झडप कुजलीय, कुठल्या तळघरात वळण आहे, कुठे गाडी उलटीच लावावी लागते, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. पब उघडायच्या आत काम उरकायचं असे. असा ड्रायव्हर आजारी पडला की तीच गाडी, तोच माल, आणि फेरी तासभर उशिरा.

या सेवेचा एक दोष झाकू नये. पबापबाला ड्रेमनना बिअर पाजायची रीत होती आणि दिवसाअखेर ती अंगावर यायचीच. 1967 च्या ऑक्टोबरात श्वासचाचणी आली, 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम मद्यार्क ही हद्द ठरली, आणि ड्रायव्हरपुरती ही रीत मोडत गेली. ते फार आधी व्हायला हवं होतं. पुढे 1989 च्या सरकारी आदेशांनी मोठ्या ब्रुअऱ्यांकडचे पब त्यांच्यापासून तुटू लागले, आणि वाटप हळूहळू बाहेरच्या वाहतूक कंपन्यांकडे गेलं. तळघर ओळखणारा ड्रायव्हर तेव्हाच कमी होत गेला.

टीके घ्यायची असेल तर आधी केबिनचा पत्रा बघा: पायरी, चाकावरची कमान, दरवाज्याचा तळ, छताची पन्हळ. गंज बाहेर दिसला त्याच्या दुप्पट आत असतो. मग गाडीखाली जाऊन हौद्याच्या वाशांना पेचकस टोचा. डिझेल गाडीला व्हॅक्यूमची मदत घेणारे ब्रेक असतील तर व्हॅक्यूम करणारा पंप तपासा. तो झिजला की पेडल दगडासारखं होतं. उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेकचे व्हील सिलिंडर हमखास अडकतात, ते सगळे बदलायचा खर्च धरूनच भाव करा. पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर नकोत, मग वरून कितीही नवे दिसोत.

रंगाच्या बाबतीत सावध. ज्या ब्रुअरीचं नाव दारावर आहे तिच्याकडे ही गाडी कधी होती याचा पुरावा जुन्या नोंदणी पुस्तकात शोधा. नुसत्या नव्या अक्षरांवर जाऊ नका, कारण रंग कोणालाही देता येतो. मूळ गाडी असेल तर दारावर घाईनं घासकाम करू नका. ओल्या बारीक पॉलिश कागदानं थर-थर उतरवलं तर खालची जुनी अक्षरं सावलीसारखी दिसू लागतात. तिथे थांबावं, फोटो आणि माप घ्यावं, मगच रंगाऱ्याला बोलवावं. तसा एक दरवाजा नव्या चकचकीत अख्ख्या गाडीपेक्षा जास्त मोलाचा आहे.

लायसन्सचा मुद्दा शेवटी, पण पैसे देण्याआधी. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पूर्वी कारची परीक्षा पास झालेल्याला 7.5 टनांपर्यंतची लॉरी चालवता येते, म्हणजे हलकी टीके. त्यानंतर पास झालेल्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागते. 1960 पूर्वी बनलेली आणि रिकामी चालवली जाणारी लॉरी साध्या कारच्या लायसन्सवर चालते. ही सवलत टीकेच्या हातून थोडक्यात निसटते. असा माणूस बेडफर्डच्याच 1950 च्या दशकातल्या एस टाइपकडे वळू शकतो. केबिन टीकेइतकी सोयीची नाही, पण कागदपत्रांचा ताप कमी. हौद्यावर शोभेची पिंपं ठेवून निघायचं असेल तर गाडी कायद्यानं रिकामी धरली जाते का, हे विमा कंपनीकडून आधी लेखी घ्यावं. घ्यायच्या आधी नुसत्या बघायच्या असतील तर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी लंडन ते ब्राइटन ही जुन्या मालवाहू गाड्यांची फेरी उत्तम. ती 1962 पासून चालते, आणि ब्राइटनला गाड्या उभ्या राहिल्यावर मालक हौद्याखाली वाकून बघू देतात. टेप सोबत न्या.