गुहागरच्या घरात अडीच किलोचा व्हॅक्यूम: तीन पावसाळ्यांनंतर

सासूबाईंना दमा आहे. सकाळी मी केरसुणी हातात घेतली की त्या उठून अंगणात जाऊन बसायच्या आणि केर काढून झाल्यावरही अर्धा तास आत यायच्या नाहीत. पावसात अंगण कुठलं, मग पडवीच्या कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून. ते बघवेना म्हणून २०२२च्या मे महिन्यात बिनवायरचा उभा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. साडेसोळा हजार रुपये मोजले. चिपळूणहून आणला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीची यंत्रं आतून साधारण सारखीच असतात, आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे लाल जांभ्या दगडाचं, वर मंगळुरी कौलं. कौलारू घरात केर नुसता खालून येत नाही, वरूनही पडतो. वाशांना लागलेल्या किडीचा पिवळट भुगा, कौलांच्या फटीतली माती, जळमटं. पूर्वी बांबूला झाडू बांधून हे काढायचो, तेव्हा निम्मं डोळ्यांत जायचं. या यंत्राचं सगळं वजन अडीच किलो, आणि मोटर, डबा, बॅटरी सगळं मुठीपाशी असल्यामुळे दांडा वर करता येतो. दहा मिनिटांनी मनगट भरून येतं, ते खरं. पण वायरवाला मोठा डबा घेऊन शिडीवर चढण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. केवळ या एका कामासाठीसुद्धा मी हा पुन्हा घेईन.

आता त्रासाचं.

पहिल्याच जुलैत ओढ कमी झाली. फिल्टर काढला तर त्याच्या चुण्यांत गेरू कालवून भरल्यासारखा लाल थर. जांभ्याची पूड पिठाहून बारीक असते. उन्हाळ्यात ती झटकली की पडते, पण पावसात हवेतली ओल धरते आणि लेपासारखी चिकटून बसते. पुस्तिकेत लिहिलेलं, साध्या पाण्याने धुवा आणि २४ तास वाळवा. मी धुतला, २४ तास दोरीवर टांगला, बसवला. गुहागरच्या जुलैत २४ तासांत रुमाल वाळत नाही, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला कोण सांगणार! सुरू केल्याबरोबर घरभर ओल्या गोणपाटासारखा वास. आणि ओल्या फिल्टरवर नवी धूळ बसून दोन दिवसांत पुन्हा चिखल. तेव्हापासून नेम केला: पावसाळ्यात फिल्टर आधी कोरडाच, मऊ ब्रशने आणि घराबाहेर झटकायचा. धुवायचाच झाला तर पंख्याखाली पूर्ण तीन दिवस. चुलीवरच्या फळीवर किंवा हेअर ड्रायरने वाळवायचा नाही, उष्णतेने त्याची कड वाकडी होते आणि धूळ बाजूने निसटून थेट मोटरमध्ये जाते.

दुसरा प्रकार जास्त जिवाला लागला. २०२३च्या दिवाळीआधी यंत्र अचानक धडधडायला लागलं, चालू-बंद, चालू-बंद, आणि चाललं की आवाज किंचाळल्यासारखा. एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पाच सेकंद चालवून बघितलं आणि म्हणाला, “ताई, मोटर गेली. आवाज बघा किती चढलाय. साडेचार हजार होतील.” एकही भाग उघडला नाही. मी तशीच परत आले. माझा भाऊ पंपांची कामं करतो, त्याला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, “ताई, आवाज चढलाय की उतरलाय?” चढलाय म्हटल्यावर म्हणाला, “मग मोटर ठीक असणार. तिला ओढायला हवाच मिळत नाहीये, ओझं नाही म्हणून मोकाट फिरतेय. वाट कुठेतरी तुंबलीय.”

ती वाट कशी शोधायची तेही त्यानेच सांगितलं. आधी दांडा आणि खालचा ब्रश दोन्ही काढून नुसती मोटर चालवायची आणि तोंडाशी तळहात धरायचा. हात खेचला गेला, म्हणजे मोटर आणि फिल्टर बरे. मग दांडा जोडून त्याच्या टोकाशी हात. तिथेही ओढ चांगली. मग ब्रश जोडला आणि धडधड सुरू झाली. म्हणजे दोष ब्रशच्या मानेत, जिथे नळी वळते. बॅटरी काढून ठेवली, ओटीवर उजेडात बसले आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघितलं, तर काहीतरी तपकिरी. क्रोशाच्या सुईने हळूहळू ओढत गेले. नारळाच्या शेंडीचे तंतू, त्यात सासूबाईंचे पांढरे केस गुंडाळलेले, मध्ये आडवी अडकलेली काड्यापेटीची काडी. अंगठ्याएवढा बोळा. तो निघाला आणि यंत्र नव्यासारखं चालायला लागलं. साडेचार हजार वाचले यापेक्षा, उघडून न बघता कुणी एवढं ठामपणे सांगावं, याचा राग मला अजून आहे. नारळ सोललेल्या जागी आता आधी हाताने तंतू वेचते, मगच यंत्र फिरवते. ब्रशच्या रुळावरचे केस महिन्यातून एकदा कात्रीने कापून काढते.

चार्जिंगचाही एक घोळ झाला. यंत्र टांगून चार्ज करायचा खुंटा आम्ही पश्चिमेच्या भिंतीला लावला होता. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि चिऱ्याची ओल, दोन्ही तिथेच. दुसऱ्या वर्षी लाईट लागायचा, पण चार्ज व्हायचा नाही. खुंट्यातल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला होता. प्लग काढून खोडरबराने पट्ट्या घासल्या, कोरड्या कापडाने पुसल्या, काम झालं. खुंटा माजघरात हलवला. बॅटरी नवीन असताना साध्या वेगावर ३५ मिनिटं पुरायची, आता २४. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरून ठेवणं, दोन्ही सोसत नाही, त्यामुळे चार्ज झाला की काढते.

चुलीची राख आणि समुद्राची वाळू याला चुकूनही देऊ नका. राखेत निखारा दडलेला असतो, आणि राख इतकी बारीक की फिल्टर एका दिवसात बंद. वाळू आतून खरवडते. पोरं पुळणीवरून आली की पायरीवर खराटाच. मागच्या पडवीची जमीन अजून शेणाची आहे, तिथेही केरसुणीच, ब्रशने सारवण उखडतं.

गेल्या गणपतीत मखराच्या वरचे वासे मी साफ करत होते आणि सासूबाई माजघरात वाती वळत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

घेणार असाल तर दुसरा फिल्टर यंत्राबरोबरच मागवा. मला नंतर ६५० रुपयांना मागवावा लागला आणि गावात पोचायला नऊ दिवस लागले, तेही ऐन श्रावणात. आता एक बसवलेला असतो, एक पंख्याखाली.