सायकलच्या इंजिनाचा सायलेन्सर बदलून: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

सायकलला बसवायचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं तेव्हा खोक्यावर ‘८० सीसी’ छापलेलं होतं. आत बोअर (सिलेंडरचा व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी, म्हणजे हिशेबाने ६६ सीसीच भरतं. तरी कामाला वाईट नाही. माझी सायकल फिरते ती सोलापूरजवळ तिऱ्ह्याकडच्या आमच्या रानात, विहिरीपासून सीना नदीच्या काठापर्यंतच्या गाडीवाटेवर, मागे खताची गोणी नाहीतर कडब्याच्या पेंढ्या. डांबरीवर मी ती काढत नाही. २५ सीसीच्या वरचं इंजिन बसवलं की कायद्याने ते मोटार वाहन ठरतं, आणि अशा घरगुती जुळणीला पासिंग कुठून आणणार? आवाजाचा दंड तर १०,००० रुपयांपर्यंत जातो. सोलापुरात असली गाडी सात रस्ता चौकात मिरवायची हौस असेल त्यांनी पुढचं वाचू नये.

कंपनीचा सायलेन्सर साधा आहे. वाकवलेली नळी, तिला डबा, डब्याच्या शेवटी टोपण, आणि टोपणाला आतून बारीक भोकांची पुंगळी. स्क्रू काढला की पुंगळी हातात येते. माझी आली तेव्हा निम्मी भोकं काळ्या, चिकट काजळीने बुजलेली होती. मिस्त्रीने ती गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत जाळली, तारेच्या ब्रशने घासली आणि परत बसवली. बाकी कशाला हात लावला नाही, तरी गोणीसकट चढावर इंजिन पुन्हा ओढायला लागलं. ‘पुंगळीला भोकं पाडली आणि पिकअप वाढला’ असं जे सांगतात, त्यातला बराच पिकअप या साफसफाईचाच असतो असं माझं मत आहे. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी पुंगळी जाळून बघा.

नंतर भोकंही वाढवली. फरक पडला, पण फक्त वरच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर आधी इंजिन गुदमरायचं, आता मोकळं धावतं. खालचा दम होता तेवढाच राहिला आणि आवाज मात्र दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

पुंगळी साफ काढूनच टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात, काहीजण तर डबाच काढा म्हणतात. टू-स्ट्रोकला ते मानवत नाही. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. जळका धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार काही काळ एकाच वेळी उघडं असतं. नुसती तोकडी नळी ठेवली तर ताजं पेट्रोलही धुराबरोबर बाहेर पडतं. आवाज वाघाचा येतो, ओढ मात्र जाते.

खरा बदल कंपनीच्या सायलेन्सरच्या जागी बसवलेल्या एक्स्पान्शन चेंबरने झाला. एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून पातळ पत्र्याचे शंकू वळवून घेतले. आधी रुंद होत जाणारा शंकू, मध्ये सरळ पोट, मग निमुळता शंकू आणि शेवटी बारीक नळी. धुराचा धक्का रुंद शंकूत शिरला की मागे ओढ तयार होते आणि सिलेंडर रिकामा व्हायला मदत होते. निमुळत्या शंकूवर आपटून तोच धक्का उलटा फिरतो आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण दार मिटायच्या आत परत ढकलतो. हे सगळं वेळेवर व्हायला हवं. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हटल्या तर एका फेरीला १० मिलिसेकंद मिळतात, आणि दार त्यातला निम्म्याहून कमी वेळ उघडं असतं. म्हणून नळीची लांबी ठरावीक फेऱ्यांनाच जमते. लांब ठेवली तर ताकद खालच्या फेऱ्यांत मिळते, आखूड केली तर वरच्या. मी मुद्दाम लांब करून घेतली. मिस्त्री म्हणाला, “मालक, आखूड करा, पळंल बघा.” पळवून जायचं कुठं? सिंगल गिअर, चेनच्या पुढच्या चक्रीला १० दात, मागच्या चक्रीला ४४. एवढ्यावर ५००० फेऱ्यांना ताशी ३४ किमीच्या आसपास वेग येतो, आणि ब्रेक सायकलचेच आहेत.

लांब नळीचा त्रास जागेचा. चेंबरचं पोट पेडलच्या क्रँकला घासत होतं, ते थोडं बाहेर वळवून घ्यावं लागलं. वजनही वाढतं आणि ते सगळं सिलेंडरला नळी धरून ठेवणाऱ्या ६ मिमीच्या दोन स्टडवर (आट्याच्या सळ्यांवर) येतं. थरथरीने त्यातला एक तुटला. आता मागे पट्टी देऊन तिच्यात ट्रकच्या टायरचं रबर घातलंय. नुसती लोखंडी पट्टी आवळली की वेल्डिंगला चीर पडते. सिलेंडरजवळचं पॅकिंगही अधूनमधून पाहावं, तिथे तेलकट डाग दिसला की ते गेलं समजा.

आता जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा घेतं आणि पेट्रोल कमी पडतं. लक्षणं ओळखीची आहेत: प्लग पांढरट पडतो, इंजिन नको तितकं तापतं, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टन जॅम. मी जेट मोठा घातला. प्लगवर चहासारखा तपकिरी रंग येईपर्यंत बदलत राहिलो. त्यात दोन गोष्टी स्थानिक आहेत. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि कारखाने एवढे, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार! इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर पेट्रोल आणखी कमी पडतं. शिवाय ते पाणी ओढतं, म्हणून लिटरला ४० मिली ऑइल घालून केलेलं मिश्रण मी आठवड्याच्या वर ठेवत नाही. दुसरी गोष्ट हवेची. मे महिन्यात ४३-४४ अंशाला हवा विरळ असते, तेव्हा जुळवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे कमी पडतो. थंडीत प्लग पुन्हा बघा.

पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त लागतं, ते गृहीत धरा. चेंबर इतका तापतो की पँटचा पाय जळतो. त्यावर जाळी बसवली आहे. बारीक नळीच्या पुढे ग्लासवूल भरलेला छोटा डबा जोडल्यापासून शेजारच्या रानातले काका बोलायला लागलेत, नाहीतर म्हशी बुजतात म्हणून अबोला धरला होता. या डब्याने ओढ कमी झालेली मला तरी जाणवली नाही. ग्लासवूल तेलाने भिजतं, ते पावसाळ्यानंतर बदललं.

ज्यांना कामापुरती सायकल हवी त्यांनी पुंगळी जाळावी, वाटलं तर थोडी भोकं वाढवावीत, जेट बघावा आणि थांबावं. चेंबर हा हौसेचा खर्च आहे. माझ्या चढावर त्याचा उपयोग होतो म्हणून तो राहिला. थंडी सरली की जेट एक नंबर खाली आणायचा आहे.