चेकियाचा पेच: भाड्याचं ग्रिपेन की विकतचं एफ-३५?

स्वतःचं सुपरसॉनिक लढाऊ विमान उभं करणं चेकियाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून 2005 पासून चास्लाव हवाई तळावर स्वीडनची 14 ग्रिपेन भाड्यावर आहेत. 2024 मध्ये 24 अमेरिकी एफ-३५ए विकत घेण्याचा करार झाला. ताफ्यात ती पुढच्या दशकात येतील.

ग्रिपेनची खुबी जमिनीवर कळते. उडायला-उतरायला सुमारे 800 मीटर सरळ रस्ता पुरतो. एक तंत्रज्ञ आणि पाच साधे शिपाई हवाई लढाईसाठी इंधन-क्षेपणास्त्रं भरून दहा मिनिटांत विमान परत पाठवू शकतात. हवाई पहारा, अनोळखी विमानाची ओळख पटवणं, एवढ्याला ते भरपूर झालं. भाड्यात मालकी मात्र येत नाही. आणि स्वीडिश म्हणून अमेरिकेपासून सुटका, हाही भ्रमच: त्याच्या आरएम12 इंजिनाचं मूळ अमेरिकी कंपनी जनरल इलेक्ट्रिकचं एफ404 इंजिन.

एफ-३५ रडारवर कमी दिसतं, पण क्षेपणास्त्रं पोटात असतील तरच. पंखांखाली टांगली की लपणं संपलं. शिवाय रडारच्या लहरी शोषणाऱ्या बाहेरच्या लेपाची निगा किचकट, आणि सुटे भाग व सॉफ्टवेअर दोन्ही अमेरिकेच्या हाती. तरी दाट हवाई संरक्षण भेदायचं असेल, तर जुनं ग्रिपेन तिथं तोकडंच पडतं.