प्लगमध्ये खोचायचा स्वस्त वाय-फाय रिपीटर : दोन महिन्यांचा अनुभव

मागच्या खोलीत राउटरचा सिग्नल जेमतेम पोहोचत असल्यामुळे मी थेट प्लगमध्ये खोचता येणारा, एकाच बँडवर (२.४ गिगाहर्ट्झच्या एकाच लहरपट्ट्यावर) चालणारा स्वस्त वाय-फाय रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण, घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, म्हणजे वेगाचे माप) छापलेले आहे. तो आकडा कोणी मनावर घेऊ नये, कारण ती हवेतल्या जोडणीची केवळ कागदावरची कमाल मर्यादा असते, आणि याच उपकरणाच्या बुडाशी असलेला इथरनेट पोर्ट (केबल जोडायची खाच) मुळात १०० एमबीपीएसचा आहे.

जोडणी सोपी आहे. राउटरवरचे डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारे) दाबून दोन मिनिटांच्या आत रिपीटरवरचे बटण दाबले की काम होते. जागा निवडताना मात्र मी चुकलो. रिपीटर मागच्या खोलीतच लावल्याने फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसू लागल्या, तरी व्हिडिओ पूर्वीसारखाच अडखळत राहिला. सिग्नल मोजणाऱ्या ॲपमध्ये पाहिले, तेव्हा त्या जागी राउटरचा सिग्नल उणे ८२ डीबीएम इतका क्षीण निघाला (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). रिपीटरच्या हाती जे पडते तेच तो पुढे देतो, हे तेव्हा ध्यानात आले. मधल्या बोळात, जिथे उणे ६३ मिळत होते, तिथे तो हलवल्यावर व्हिडिओ कॉल तुटणे थांबले. वेग मात्र राउटरजवळच्या वेगाच्या निम्माही भरत नाही. एकच रेडिओ एकाच चॅनलवर राउटरचे ऐकतो आणि तेच पुन्हा फोनला सांगतो, त्यामुळे अर्धा वेळ त्यातच खर्च होतो. (त्याचा निळा दिवा रात्री इतका डोळ्यांवर येतो की मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे.)

खरेदीपूर्वी जे फुकटात करता आले असते, ते मी नंतर केले, याची थोडी चुटपुट आहे. टीव्हीमागे कोंबलेला राउटर लोखंडी कपाटापासून दूर, उंच फळीवर ठेवून त्याचे अँटेना उभे केले, आणि २.४ गिगाहर्ट्झचा चॅनल शेजाऱ्यांच्या गर्दीतून काढून १ वर आणला. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. एवढ्यानेच मागच्या खोलीतला आकडा उणे ७४ वर आला.

भाड्याच्या घरात, जिथे केबल ओढता येत नाही, तिथे हा रिपीटर जरूर घ्यावा. मात्र ज्यांच्याकडे जुना राउटर पडून आहे आणि केबल ओढता येते, त्यांनी आधी त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करून आणि मुख्य राउटरच्या आयपीशी (नेटवर्कमधल्या पत्त्याशी) टक्कर होणार नाही असा पत्ता त्याला देऊन मुख्य राउटरकडून आणलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) जोडून पाहावी. मीही अखेर तेच केले, आणि मागच्या खोलीत आता वेग निम्मा होत नाही. रिपीटर गॅलरीजवळच्या प्लगमध्ये गेला आहे. तिथे फक्त गाणी ऐकायची असतात, आणि तेवढ्यापुरती त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.